चौथं प्रकरण आणि सीबेचं जेवण

लोब्के तेर्पस्ट्राच्या प्रबंधात सहा प्रकरणं होती. त्यांतली पाच तिला कोणी झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने घडाघडा सांगितली असती. चौथ्याचं मात्र नाव काढलं की ती विषय बदलायची. घरच्या फोटोत नकोशा मामाला मागच्या रांगेत, उंच माणसांच्या आड उभं करतात, तसं ते तिने दोन जाडजूड प्रकरणांच्या मधे दाबून बसवलं होतं.

प्रबंध होता फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर आणि त्यांना "वाढा, वाढा" म्हणून भरीस घालणाऱ्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर. किनेज म्हणतात या विकरांना. ग्रोनिंगनच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या पोरांना लोब्के ती अशी समजावून सांगायची: पेशीत ही मंडळी रांगेने उभी असतात. बाहेरून वाढीचा निरोप आला की पहिलं विकर दुसऱ्याला फॉस्फेटची एक टिकली चिकटवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि टिकली टिकली करत निरोप पार आत पोचतो. साध्या पेशीत बाहेरचा निरोप थांबला की टिकल्या गळून पडतात आणि सगळे गप्प. कर्करोगाच्या पेशीत पहिल्या विकराचं बटण दाबलेलंच अडकून बसतं. दारात चिटपाखरू नसताना घंटा वाजत राहते आणि पेशी वाढत सुटते. रुग्णाला गोळी देतात ती या घंटेत बोळा कोंबायला. घंटा बंद, पेशी थंड. मग काही महिन्यांनी कित्येकांच्या पेशी पुन्हा उठून बसतात. त्या कोणाच्या सांगण्यावरून उठतात, हे शोधण्यात लोब्केने उमेदीची वर्षं घातली होती.

चौथ्या प्रकरणातल्या पेशी या बाबतीत निव्वळ आगाऊ होत्या. तिने घंटेत बोळा कोंबला. पहिलं विकर मुकाट झालं. आडवाटेने निरोप नेणारी जी जी विकरं माहितीची होती ती सगळी तिने तपासली; एकावरही टिकली नाही. कुठून निरोप नाही, आत काही हालचाल नाही, आणि पेशी आपल्या मजेत वाढतायत. तिने प्रयोग पुन्हा केला, मग पुन्हा, मग चिडून पुन्हा. शेवटी प्रकरणाच्या तळाशी लिहिलं, 'याचं कारण समजण्यासाठी आणखी संशोधन आवश्यक आहे.' संशोधकांच्या भाषेत याचा अर्थ, कृपा करून मला काही विचारू नका.

ज्या माणसाच्या छातीतल्या पाण्यातून त्या पेशी आल्या होत्या, त्याची गोळीही अशीच काही महिने चालून थांबली होती. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं, माहीत असायचं नसतंच. पण त्या पेशींच्या बशा बाहेर काढताना ती मनातल्या मनात त्याला "काय हो, आज काय म्हणतायत तुमच्या?" असं विचारायची. इतका काळ विचारून उत्तर मिळालं नाही याची तिला लाज वाटायची.

तिचा मार्गदर्शक ब्राम हाइंगा याचा सल्ला सोपा होता. प्रबंधाची जाहीर परीक्षा पाऊण तासाची. तेवढा वेळ भरला की विद्यापीठाची चोपदारीण घुंगरांचा दंड आपटत सभागृहात येते, लॅटिनमधे 'होरा एस्त', म्हणजे वेळ झाली, असं पुकारते, आणि त्या क्षणी उमेदवाराची सुटका. वाक्य अर्धं असलं तरी. ब्रामच्या आठवणीत एकजण "इथे मला प्रामाणिकपणे कबूल करायला हवं की" इथपर्यंत येऊन सुटला होता, आणि आज तो मोठ्या हुद्द्यावर होता.

"चौथ्यावर कोणी विचारलंच," ब्राम म्हणाला, "तर आधी म्हणायचं, फार सुंदर प्रश्न आहे. मग पाणी प्यायचं. सावकाश."

पण विचारणारे होते वेसेलिंक. दक्षिणेकडच्या लायडनहून येणारे, फुप्फुसाच्या कर्करोगातले दादा. त्यांनी एखादं काम पोकळ म्हटलं की ते कायमचं पोकळ. पुढे कोणी त्याला हात लावत नसे. पदवी कोणी अडवत नाही, हे लोब्केला ठाऊक होतं. तिला धास्ती होती ती भरल्या सभागृहात, आई-वडील आणि सासूसमोर, वेसेलिंक चौथ्या प्रकरणाला "हम्म" म्हणतील याची. मग त्या माणसाच्या पेशी फ्रीझरच्या तळाशी जातील आणि कोणी त्यांना कधीच काही विचारणार नाही.

घरी वेगळंच प्रकरण चालू होतं. लोब्केचा मुलगा सीबे चौदा महिन्यांचा होता आणि जेवत नव्हता. गाजराची पेज त्याने डोक्याला लावली. ब्रोकोली रेडिएटरच्या मागे रचली. मसूर एकेक करून बापाच्या बुटात भरले. तोंडाशी चमचा नेला की तो असं तोंड मिटायचा, जणू आत काही सरकारी गुपित आहे. आणि पठ्ठ्या वाढत होता. बाळांच्या दवाखान्यातल्या बाईने त्याला काट्यावर ठेवलं, समाधानाने मान डोलावली आणि लोब्केला म्हणाली की छान खातोय हो तुमचा. लोब्के घरी येऊन नवऱ्याच्या, योरितच्या, खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या बेतात होती, पण सीबेने तेवढ्यात दह्याची वाटी पालथी घातली.

मंगळवार आणि गुरुवार सीबे आजीकडे, म्हणजे योरितच्या आईकडे असायचा. तिनेके सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. लोब्केने तिला सगळं बजावून ठेवलं होतं: साखर नाही, मीठ नाही, दोन जेवणांच्या मधे काही नाही. तिनेकेने शब्दाने वाद घातला नाही. संध्याकाळी पोराला परत देताना ती एवढंच म्हणायची, "माझ्याकडेही नाही खाल्लं गं बिचाऱ्याने." आणि पोर इतकं लख्ख पुसलेलं असायचं की गालात समोरची खिडकी दिसावी.

आता प्रबंधाबरोबर विधानांचा एक सुटा कागद जोडायची पद्धत आहे. पहिली विधानं विषयावरची, पुढची जगाच्या उठाठेवींवरची, आणि शेवटचं गमतीचं. लोब्केने शेवटचं विधान सीबेला मांडीवर घेऊन, त्याच्या मुठीतून पेन सोडवत लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा योरित हसून हसून खुर्चीवरून घसरला. ब्रामने ते वाचून सही केली. शेवटचं विधान कोणी कधी विचारत नाही.

परीक्षेच्या शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. भिंतींवर जुन्या प्राध्यापकांची तैलचित्रं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर अपचन. उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना पाठराखे उभे राहतात; लोब्केच्या एका बाजूला प्रयोगशाळेतली मैत्रीण इम्के, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ शूर्ड. शूर्ड पोहायला शिकवतो. भाड्याचा काळा शेपटीवाला कोट त्याला खांद्यात इतका घट्ट होता की तो अर्धा पाण्यात उतरल्यासारखा हात लांब ठेवून उभा होता. तिनेके दुसऱ्या रांगेत, मांडीवर सीबे. एवढ्या लहान पोराला आत आणतात का, असं कोणीतरी पुटपुटलं, तेव्हा तिने मागे न बघता सांगितलं की त्याच्या आईचा दिवस आहे. दारात चोपदारीण नाउता बाईंनी प्रत्येकाला बजावलं होतं की सभागृहात खाणंपिणं चालणार नाही, आणि बजावताना त्यांची नजर तिनेकेच्या पिशवीवर होती.

काळे झगे आणि मखमली टोप्या घातलेली समिती येऊन बसली. उत्तराची सुरुवात दर वेळी "परमविद्वान प्रश्नकर्ते" अशी करायची हा नियम. लोब्केला तो फार आवडला, कारण तेवढं म्हणेपर्यंत विचार करायला मिळायचा. पहिले प्रश्न सोपे गेले. एकाने पहिल्या प्रकरणाची स्तुतीच केली, दुसऱ्याने स्वतःच्याच संशोधनाबद्दल बराच वेळ सांगितलं आणि शेवटी प्रश्न विचारायला विसरला. लोब्केचा श्वास जरा मोकळा झाला. मग अध्यक्षांनी वेसेलिंकना खूण केली.

वेसेलिंकनी प्रबंध समोर घेतला. त्यातून पिवळ्या चिठ्ठ्यांचा झुपका बाहेर आलेला होता, आणि सगळ्या चिठ्ठ्या बरोबर मधून, चौथ्या प्रकरणातून. लोब्केने पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. ब्रामने छताकडे पाहिलं.

वेसेलिंकनी प्रबंध उघडला, कपाळाला आठी घातली, आणि मिटला. मग झग्याच्या बाहीतून विधानांचा घडी केलेला कागद काढला. शेवटचं विधान वाचून दाखवावं, असं ते म्हणाले.

अध्यक्षांच्या भुवया टोपीखाली गेल्या. विधान पाठराख्याने वाचायचं असतं. शूर्डने कागद घेतला, छाती भरून घेतली, आणि तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जावं अशा आवाजात वाचलं, "माझा मुलगा काहीही न खाता वाढतो. तस्मात् ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पंधरा महिन्यांखालील व्यक्तींना लागू नाही."

सभागृह खो खो हसलं. वेसेलिंक हसले नाहीत.

"आदरणीय उमेदवार, हे तुम्ही गंभीरपणे म्हणताय?"

"परमविद्वान प्रश्नकर्ते, मूल माझं आहे. मी विनोद करण्याच्या परिस्थितीत नाही."

आतून लोब्के आनंदाने नाचत होती. विचारा, बाबा, विचारा. पाऊण तासातला हा सगळा वेळ सीबेवर जाऊ दे. तिने मुद्दाम प्रत्येक उत्तराला शेपटं जोडायला सुरुवात केली. वेसेलिंकनी विचारलं, अन्न मोजून दिलं जातं का. तिने वाट्यांची मापं सांगितली, चमच्यांचे रंग सांगितले. जमिनीवर सांडलेलं मोजता का. तिने रेडिएटरमागची ब्रोकोली आणि बुटातले मसूर वजा करून दाखवले. तुलनेसाठी दुसरं मूल आहे का. शेजारच्यांकडे जुळी होती आणि ती सगळं खात, एकदा त्यांनी भाड्याची पावतीही खाल्ली होती. सभागृह हसत होतं, ब्रामचा रंग परत येत होता.

पण वेसेलिंक पुढे झुकले आणि त्यांचा आवाज खाली आला. "भोपळा देऊन पाहिला का? उकडून? थोडं लोणी लावून?"

हा आवाज परीक्षकाचा नव्हता. लोब्केने त्यांच्याकडे नीट पाहिलं. झग्याच्या डाव्या खांद्यावर, मखमलीच्या पट्टीवर, काहीतरी नारिंगी वाळून बसलं होतं. ते काय आहे हे तिला लांबून कळलं. तिच्या प्रत्येक सदऱ्यावर ते होतं. लायडनच्या त्या दादा माणसाला खरंच उत्तर हवं होतं.

"भोपळा," ती म्हणाली, "त्याने मांजराला दिला."

वेसेलिंकनी समजून मान हलवली.

आणि तेवढ्यात लोब्केची नजर श्रोत्यांकडे गेली. सीबे तिनेकेच्या मांडीवर नव्हता. तो दुसऱ्या रांगेत माणसांचे गुडघे धरधरून निघाला होता. पहिला गुडघा योरितच्या मावशीचा; मावशीने समोर बघत, चेहऱ्याची रेषही न हलवता, पर्समधून मनुकांच्या पावाचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. तो तोंडात गेला. ज्या तोंडात लोब्के आठवडाभर काही घालू शकली नव्हती, त्या तोंडात तो पत्रपेटीत पत्र जावं तसा गेला. पुढचा गुडघा योरितच्या बापाचा, तिथे चीज. पुढे ब्रामची बायको, जिने सीबेला जन्मात पाहिलं नव्हतं. तिथे अर्धं केळं. काठावर लोब्केची स्वतःची आई, निवृत्त परिचारिका, साखरेच्या विरोधात घरभर भाषणं देणारी. तिच्याकडे मसाल्याचा गोड केक निघाला. संपूर्ण रांग नाकासमोर बघत होती, जणू चर्चमधे दानाची थैली फिरतेय. आणि प्रत्येक घासानंतर मागून तिनेकेचा हात पुढे यायचा, ओलसर फडक्याने एकच फेरा मारायचा, आणि पोर पुन्हा उपाशी दिसायला लागायचं. त्या हाताची सफाई आजची नव्हती.

"माझा पुढचा प्रश्न पद्धतीबद्दल आहे," वेसेलिंक म्हणत होते. "तुम्ही निरीक्षण करता तेव्हा मूल कोणत्या अवस्थेत असतं?"

"परमविद्वान प्रश्नकर्ते," लोब्के म्हणाली, डोळे फडक्यावर, "धुतलेलं."

आणि ती थांबली.

धुतलेलं. तोंड पुसून झाल्यावर पोर जेवलं की नाही हे कसं कळणार? आणि त्याच दमात तिला तिच्या बशा दिसल्या. चौथ्या प्रकरणातल्या पेशी तिने एकट्या नव्हत्या वाढवल्या. त्या माणसाच्या छातीतल्या पाण्यातून कर्करोगाच्या पेशींबरोबर त्याच्या आधारपेशीही आल्या होत्या, साध्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. त्या तिने बशीत राहू दिल्या होत्या, म्हणजे पेशींना घरच्यासारखं वाटेल. पण विकरं तपासायच्या आधी ती कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढायची, धुवायची, पुन्हा धुवायची, कारण ती नीटनेटक्या घरातली मुलगी होती आणि शेजाऱ्यांची भेसळ तिला आकड्यांत नको होती. मग टिकल्या शोधायची. टिकली काही मिनिटांत गळते. निरोप शेजारून येत होता, घासाघासाने, आणि ती दर वेळी तोंड पुसून विचारत होती, जेवलास का रे. शेजारपाजारच्या पेशी निरोप पुरवू शकतात हे पुस्तकात होतं. तिने स्वतः पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं.

सभागृहाला वाटलं, अडली. ब्राम पाणी पिण्याची खूण करत होता. इम्केने ग्लास पुढे सरकवला.

दार उघडलं. घुंगरं वाजली. नाउता बाई दंड आपटत मधल्या वाटेने आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होरा एस्त."

सगळ्यांनी श्वास सोडला. समितीने टोप्या सारख्या केल्या. वेसेलिंकनी चिठ्ठ्यांचा झुपका आत ढकलून प्रबंध मिटला. चौथं प्रकरण कोणी उघडलं नाही, आता कोणी उघडणार नव्हतं. लोब्के सुटली होती. नुसतं मान लववून बाजूला व्हायचं होतं. आणि उत्तर जे सापडलं होतं ते तिच्याच गाढवपणाचं होतं. ते चार भिंतींच्या आत, इम्केच्या कानात सांगण्याजोगं होतं.

पण लायडनला गोळीवरची मोठी चाचणी वेसेलिंकच चालवत होते. त्या चाचणीत लोकांच्या छातीतलं पाणी असंच काढत होते, आणि असंच, लोब्केने लिहून दिलेल्या रीतीने, स्वच्छ धुऊन तपासत होते.

"परमविद्वान प्रश्नकर्ते," ती म्हणाली, "माझ्या चौथ्या प्रकरणातल्या पेशीही मी धुऊन तपासल्या."

नाउता बाई चमकल्या. इतक्या उमेदवारांना त्यांनी पुकारून गप्प केलं होतं; कोणी पुढे बोललं नव्हतं. सगळे अर्ध्या शब्दावर, कृतज्ञतेने, मिटायचे. त्यांनी दंड पुन्हा आपटला. "होरा एस्त."

"हो बाई, ऐकलं मी," लोब्के म्हणाली आणि पुढे बोलत राहिली. आधारपेशी शेजारी होत्या. त्याच निरोप देत असणार. घंटेत बोळा होता, पण निरोप मागच्या दाराने, दुसऱ्या विकराकडून जात होता, आणि धुतल्याबरोबर त्याची खूण जात होती. तिची पद्धत चुकली होती आणि ती पद्धत आता इतरत्रही वापरली जात होती, म्हणून हे आत्ताच सांगणं भाग आहे. नाउता बाईंनी तिसऱ्यांदा दंड आपटला, तो इतक्या जोरात की एक घुंगरू सुटून व्यासपीठाखाली घरंगळलं, आणि शूर्डने जीव वाचवण्याच्या शिक्षणाला जागून त्याच्यावर सूर मारला. त्याचा कोट पाठीत उसवला. अध्यक्ष उभे राहिले, म्हणाले, उमेदवार, वेळ झालेली आहे. लोब्के म्हणाली, झालेली आहे, माझंही झालं, आणि मान लववली.

समिती रांगेने बाहेर गेली. ब्राम सगळ्यांच्या शेवटी, पायाकडे बघत.

निकालाला साधारण कॉफीच्या एका कपाएवढा वेळ लागतो. आज दोन कप झाले तरी दार बंद होतं. लोक कुजबुजायला लागले. योरितने तिचा हात धरला आणि म्हणाला की त्याला फार आवडलं, जरी त्यातलं मांजराचं तेवढंच समजलं. मग तिनेके आली, सीबे कडेवर. पाठ सरळ, पण फडकं मुठीत चुरगळलेलं.

"माझ्यामुळे गेलं का गं तुझं?"

"तिनेके, काय काय देता तुम्ही त्याला?"

तिनेकेने आधी कस्टर्ड कबूल केलं. कधीमधी. मग कधीमधीचं रोज झालं. मग पॅनकेक. मग सिरप, पण पॅनकेकपुरतं. तळलेल्या क्रोकेटच्या आतलं मऊ सारण. मटारचं सूप, त्यातल्या सॉसेजसकट.

"तू दिलेलं मी आधी द्यायचे, अगदी सगळं. ते तो थुंकायचा. मग काय उपाशी ठेवू?" ती थांबली. "आणि पुसायचे ते तुझ्यासाठी. तू दिवसभर राबून यायचीस. माझ्या हातचं खातो आणि तुझ्या हातचं नाही, हे तुला दिसायला नको."

लोब्केला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले, त्यामुळे दोन्ही नीट झालं नाही. तिने सीबेला घेतलं. त्याच्या तोंडाला केकचा वास येत होता. सहा महिने तिने हा वास हुंगला होता आणि साबणाचा समजला होता. "उद्या मला पण शिकवा," ती म्हणाली. "सूप."

"सॉसेजसकट?"

"सॉसेजसकट."

दार उघडलं. समिती परत आली, सगळे जरा लाल होऊन. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की उमेदवाराला डॉक्टर ही पदवी देण्यात येत आहे. टाळ्या झाल्या, शूर्डने शिट्टी मारली. मग अध्यक्ष म्हणाले की समितीला वेळ लागला तो पदवीवरून नव्हे. होरा एस्तनंतर बोललेली वाक्यं बोलली गेली असं धरायचं की नाही, यावर मतभेद झाले. नियमांत यावर काही नाही, कारण हे आजवर कोणाला सुचलं नाही. नाउता बाईंचं म्हणणं होतं, धरायचं नाही. ब्रामचं म्हणणं होतं, देव करो आणि न धरो. शेवटी ठरलं की समितीने ते ऐकलेलं नाही. "मी तर एक अक्षर ऐकलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण आधारपेशींचा मुद्दा मला पटला."

पदवीपत्राची लाल नळी हातात देताना ब्राम तिच्या कानाशी वाकला. तिला वाटलं आता ओरडा बसणार. तो म्हणाला, "धुवायला तुला मीच शिकवलं होतं. बरं झालं हे आत कोणी विचारलं नाही."

खाली दालनात स्वागत समारंभ होता. खिम्याच्या तळलेल्या गोळ्यांच्या थाळ्या फिरत होत्या आणि आता सीबे उघड उघड खात होता, पुसायला कोणी नव्हतं. अभिनंदनाच्या रांगेत वेसेलिंक आले. लोब्के सावरून उभी राहिली. ते म्हणाले की चौथ्या प्रकरणावर त्यांचे बरेच प्रश्न होते, अतिशय वाईट प्रश्न होते, आणि आता एकही उरलेला नाही. चाचणीतलं धुणं ते सोमवारी थांबवतात. तिने मंगळवारी लायडनला यावं, न धुतलेल्या पेशींचा पुरावा घेऊन. गुरुवारी येऊ नये. गुरुवारी त्यांच्याकडे नात असते.

"ती पण काही खात नाही?" लोब्केने विचारलं.

"काहीच नाही," वेसेलिंक म्हणाले. "आणि वाढतेय." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं की फडक्यावाल्या बाई कुठे उभ्या आहेत.

लोब्केने बोट दाखवलं. ते टोपी हातात घेऊन तिनेकेकडे गेले आणि अभिनंदनाची सगळी रांग त्यांच्या मागे तशीच अडकून राहिली. तिनेके बोलत होती, हातांनी पॅनकेकचा आकार दाखवत होती, आणि फुप्फुसाच्या कर्करोगातले दादा मधूनच "सिरप आधी की नंतर?" असं विचारत होते.

इम्केने लोब्केचा दंड धरला. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"लोब, उबवणपेटीत त्या बशा आहेत. त्याच माणसाच्या, शेजाऱ्यांसकट, औषध घातलेल्या. आज सकाळी मी धुणार होते. तुझ्यासाठी फुलं आणायच्या नादात राहून गेल्या."

मंगळवार फार लांब नव्हता. लोब्केने नळी योरितच्या हातात दिली, सीबेच्या तेलकट कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली की आलेच, गोळे संपवू नका. शूर्डची सायकल दारात होती. तो उसवलेल्या कोटात पेडल मारायला बसला, लोब्के मागे, लांब स्कर्ट गोळा करून, आणि इम्के बर्फाच्या बादलीसकट पुढे, कारण बर्फ पेयांच्या टेबलावरचा होता आणि तो कोणी मागायच्या आत निघायला हवं होतं. रस्ताभर लोकांना वाटलं, कोणाचं तरी लग्न मोडलंय.

प्रयोगशाळेत शुक्रवारचा शुकशुकाट होता. लोब्केने परीक्षेच्या कपड्यांवर पांढरा कोट चढवला, पेटी उघडली आणि सवयीने तिचा हात पेशी धुण्याच्या द्रावणाच्या बाटलीकडे गेला. इम्केने ती बाटली उचलून शूर्डकडे दिली, शूर्डने ती बाहेर नेऊन ठेवली. मग लोब्केने बशी होती तशी, शेजारीपाजारी, उष्टंखरकटं सगळ्यासकट, बर्फावर ठेवली, म्हणजे टिकल्या गळणार नाहीत.

"काय हो," ती हळूच म्हणाली, "आज काय म्हणतायत तुमच्या?"